ट्रॅक्टर आला, नांगर राहिला

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हाधिकारी
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

विषय: शोध आणि बचावासाठी घेतलेल्या ड्रोनला लागणारी अवजारं

महोदय, महोदया,

अर्जाची सुरुवात विनंतीने करायची असते, हे माहीत आहे. पण आधी एक रात्र सांगतो. विनंती मागाहून येते.

ऑक्टोबर महिना होता. तीन मुलं किल्ल्यावर गेली होती. उतरताना त्यातला एक वाट चुकला आणि कड्याच्या मध्यावर एका अरुंद कपारीत अडकला. किल्ल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापून आलं की पुढच्या रविवारी ‘तीच ती जागा’ बघायला पायथ्याला गाड्या लागतात. आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आमच्यातला एक जण लग्नाचं शूटिंग करतो, त्याचा ड्रोन होता. साडेनऊच्या सुमारास पडद्यावर पोरगा दिसला. निळा टी-शर्ट, पाठीला सॅक, एक हात वर करून हलवत होता. आम्ही सगळे त्या सहा इंची पडद्यावर वाकलेलो. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

आणि मग तो पोरगा खाली उतरायला लागला.

त्याने ड्रोनचा दिवा पाहिला होता. त्याला वाटलं, हा दिवा आपल्याला वाट दाखवतोय, याच्या मागे गेलं की सुटलो. दिव्याच्या खाली दोनशे फूट काहीही नव्हतं. पडद्यावर आम्हाला त्याचा डावा पाय दिसत होता, मोकळ्या हवेत आधार चाचपडणारा. आम्ही ओरडलो, म्हणजे पडद्याकडे बघून ओरडलो. तो समोरच्या कड्यावर, आम्ही अलीकडच्या सोंडेवर, मध्ये दरी आणि वारा. शेवटी पायलटने दिवा बंद करून ड्रोन मागे खेचला. दिवा गेल्यावर पोरगा थांबला. काही मिनिटांनी अंदाजाने पुन्हा पाहिलं, तेव्हा तो कपारीत परत जाऊन बसला होता. वरून दोर लावून आमची माणसं त्याच्याजवळ पोचायला पहाटेचे पावणेचार वाजले. हार्नेस चढवताना त्याने पहिला प्रश्न विचारला, “दादा, तो ड्रोन मला खाली बोलावत होता ना?”

त्या रात्री ड्रोनने पोरगा शोधून दिला, आणि त्याच ड्रोनने त्याला जवळजवळ मारलाही. कारण त्याला डोळे होते, पण तोंड नव्हतं आणि हातही नव्हता. “जागचा हलू नकोस” एवढे तीन शब्द तो सांगू शकत नव्हता. एक चादर, एक हेडटॉर्च, घोटभर पाणी देऊ शकत नव्हता. सहा तास आम्हाला तो दिसत होता आणि आम्ही काहीही करू शकत नव्हतो.

गेल्या काही वर्षांत बऱ्याच जिल्ह्यांत आपत्ती विभागाकडे ड्रोन आले. चांगली गोष्ट आहे. पण खरेदीच्या कागदांवर नजर टाकली की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, झूम किती पट, चित्र कंट्रोल रूमच्या भिंतीवर थेट दिसणार का, एवढंच असतं. थोडक्यात, साहेबांना काय दिसेल याची यादी. अडकलेल्या माणसाच्या हातात काय पडेल, याबद्दल एक ओळ नसते. शेतकरी ट्रॅक्टर घेतो तेव्हा सोबत नांगर घेतो, पुढे रोटाव्हेटर, मग पेरणी यंत्र. नुसत्या ट्रॅक्टरने शेत नांगरलं जात नाही. आपण ट्रॅक्टर घेतलात, शेडमध्ये लावलात, त्याला हार घातलात. नांगर राहिला.

एका जिल्ह्यातला किस्सा सांगायलाच हवा, कार्यालयाचं नाव राहू दे. एका शोधासाठी आम्ही तिथला ड्रोन मागितला. पेटी आली, चांगली जाडजूड, आत फोमचे कप्पे. उघडली तर तीनपैकी दोन बॅटऱ्या पुरीसारख्या फुगलेल्या. पूर्ण चार्ज करून महिनोन्‌महिने ठेवल्या की या बॅटऱ्या फुगतात, आणि फुगलेली बॅटरी उडवायची नसते. तिसरी ठीक होती, पण ॲपचं लॉगिन ज्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर होतं, त्यांची बदली झाली होती. त्यांना फोन लावला. बिचारे दुसऱ्या जिल्ह्यात निवडणुकीच्या कामात होते, पासवर्ड आठवेना. तो ड्रोन शेवटचा उडाला होता यात्रेच्या गर्दीचं चित्रण करायला. राग कोणा एका माणसाचा नाही. जी वस्तू वर्षातून दोनदा मिरवायला निघते, तिचं असंच होतं.

आता आम्ही काय केलं ते सांगतो, म्हणजे मागणी हवेतली वाटणार नाही.

पहिलं अवजार तोंडाचं. भाजीवाल्याच्या गाडीवर ‘कांदे घ्या, बटाटे घ्या’ म्हणणारा छोटा भोंगा असतो ना, तसलाच हलका स्पीकर आम्ही ड्रोनखाली बांधला. संदेश रेकॉर्ड केला: “जागचे हलू नका. आम्ही तुम्हाला पाहिलंय. दोर घेऊन माणसं येतायत. ऐकू आलं तर दिवा दोनदा लावा.” पहिलं रेकॉर्डिंग आमच्यातल्या एका पोलीस मित्राच्या आवाजात होतं. ते ऐकून अडकलेला माणूस उडी मारेल, असं सर्वानुमते ठरलं. मग प्राथमिक शाळेतल्या एका बाईंचा आवाज घेतला. बाईंचं ऐकायची सवय सगळ्यांनाच असते. मराठी आणि हिंदी झालं, आता ठाकर आणि कातकरी पाड्यांतल्या बोलीत करायचं आहे. एक गोष्ट सरावात कळली. ड्रोन डोक्यावर आणून बोलू लागलं तर पंख्यांच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. तीस-चाळीस पावलं बाजूला ठेवून, भोंगा माणसाकडे वळवून बोलायचं. हे कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं, करून बघावं लागतं.

बोलणं एकतर्फी राहतं, हा पुढचा अडथळा. ड्रोनवर माइक लावून उपयोग नाही, त्याला स्वतःचेच पंखे ऐकू येतात. म्हणून दुसरं अवजार हाताचं. एक लाल कापडी पिशवी. आत चॅनल लावून, बटणं लॉक करून, चालू ठेवलेला छोटा वॉकीटॉकी, हेडटॉर्च, शरीराची ऊब धरून ठेवणारी चमकणारी पातळ चादर, शिट्टी, चिक्कीचे दोन तुकडे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून ४१० ग्रॅम. पिशवीला सायकलच्या मागचा लुकलुकणारा लाल दिवा, म्हणजे झुडपात पडली तरी सापडते. पाण्याची बाटली बसत नाही, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो आणि तेवढं आमचा ड्रोन उचलत नाही. वॉकीटॉकी एकदा त्याच्या हातात पडला की निम्मं काम झालं. मग पाय दुखावलाय का, रक्त किती गेलंय, सोबत अजून कोणी आहे का, हे सगळं तोच सांगतो. आणि बोलणारं माणूस मिळालं की तो घाबरून हलत नाही.

पिशवी सोडणाऱ्या आकड्याची, म्हणजे हुकाची, एक कथाच आहे. अभियांत्रिकीला असलेल्या एका पोराने थ्री-डी प्रिंटरवर आकडा छापून आणला. त्यात खेळण्यातल्या विमानाची असते तशी छोटी सर्व्हो मोटर, आणि ड्रोनच्या पोटाखालच्या दिव्यासमोर प्रकाश ओळखणारा सेन्सर. पायलटने दिवा लावला की सेन्सर मोटरला हुकूम देतो, खिळा मागे सरकतो, पिशवी सुटते. ड्रोनच्या आतल्या एका तारेलाही हात लावावा लागत नाही. झकास काम. पण मे महिन्यात सरावाला गेलो, तेव्हा तो आकडा जीपच्या काचेखाली राहिला आणि दुपारपर्यंत भाजलेल्या पापडासारखा वाकला. छपाईचं ते साधं प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. पुढचा आकडा उन्हात टिकणाऱ्या प्लॅस्टिकचा छापला. शिवाय विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळावरून सुचलेला एक बिनमोटरचा आकडाही सोबत असतो. वाकवलेली जाड तार. भार लोंबतोय तोवर अडकून राहते, पिशवी जमिनीला टेकली की ताण जातो आणि तार आपोआप निसटते. खर्च विचाराल तर चहा-वडापावचा.

पिशवी लांब दोरीला टांगली की पाळण्यासारखी झुलते आणि सोबत ड्रोनलाही झुलवते. आखूड दोरी ठेवली तर ड्रोनला माणसाच्या अंगाशी न्यावं लागतं, आणि कपारीत बसलेल्या माणसाला पंख्यांचा वाराही नको असतो. आठ-दहा मीटरवर आमचं जमलं. दुसऱ्या ड्रोनला वेगळं जमेल.

तिसरं अवजार सगळ्यात साधं आणि मला सगळ्यात प्रिय: दोरा. ओढ्याला पूर आलाय, पलीकडे चार माणसं अडकलीत, मध्ये साठ मीटर पाणी. आमच्याकडच्या जाड दोराचं वजन शंभर मीटरला सात-आठ किलो. तो कुठला ड्रोन ओढणार? पण मासेमारीचा तंगूस, म्हणजे गळाचा बारीक नायलॉन दोरा, खिशात मावतो. ड्रोनने तंगूस पलीकडे न्यायचा, तंगुसाच्या टोकाला सुतळीइतकी बारीक दोरी, तिच्या टोकाला जाड दोर. पलीकडच्यांनी ओढून घ्यायचा आणि वॉकीटॉकीवरून सांगू त्या झाडाला, सांगू त्या पद्धतीने बांधायचा. दरीवरून विजेच्या तारा ओढणारे लोक हेच करतात, पहिली बारीक दोरी ड्रोनने नेतात. यात एक खोच आहे. तंगूस कुठे अडकला तर ड्रोनच खाली येतो. म्हणून ड्रोन आणि तंगूस यांच्यामध्ये शिवणाच्या दोऱ्याचा वीतभर तुकडा बांधायचा. ओढ लागली की आधी तो तुटतो. हे शहाणपण दुसरा ड्रोन ओढ्यात गेल्यावर आलं.

हे जगात इतरत्र झालेलंच आहे. १८ जानेवारी २०१८ रोजी ऑस्ट्रेलियात लेनॉक्स हेडच्या किनाऱ्यावर दोन मुलं मोठ्या लाटांत सापडली. जीवरक्षकांनी ड्रोनने त्यांच्याजवळ फुगणारा तरंगता पट्टा टाकला, तो धरून ती किनाऱ्याला लागली. ड्रोनला त्यांच्यापर्यंत पोचायला मिनिट-दोन मिनिटं लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये काराकोरमच्या ब्रॉड पीकवर रिक ॲलन हा स्कॉटिश गिर्यारोहक गेला असंच धरलं होतं. शेजारच्या के-टूवर स्कीइंगच्या चित्रीकरणासाठी आणलेल्या पोलिश मंडळींच्या ड्रोनने तो जिवंत असल्याचं दाखवलं आणि बचाव करणाऱ्यांना त्याच्यापर्यंत नेलं. डिसेंबर २०२१ मध्ये स्वीडनमधल्या ट्रोलहेटनला ७१ वर्षांचे गृहस्थ बर्फ उपसताना कोसळले. हृदयाला शॉक देणारं यंत्र ड्रोनने तीन-सव्वातीन मिनिटांत दारात आणून दिलं आणि ते वाचले.

यातलं लेनॉक्स हेड मला सारखं आठवतं, आणि कारण ड्रोन नाही. त्या दिवशी ते जीवरक्षक ड्रोनच्या सरावाच्याच तयारीत होते. म्हणजे ड्रोन किनाऱ्यावर होता, बॅटरी भरलेली होती, पट्टा खाली लावलेला होता, उडवणारा हजर होता. ३० जून २०२४ चा रविवार आठवा. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती. काठावर शेकडो लोक होते. पाच जण वाहून गेले. तिथे फोन करून ड्रोन मागवला असता तर पोचला नसता, कोणीच पोचलं नसतं. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अशा दहा-बारा जागांवर तरंगता पट्टा आणि तंगूस लावलेला ड्रोन, उडवणाऱ्यासह, सकाळी नऊपासून बसवून ठेवता येतो. पोलीस बंदोबस्त लावता तसाच. प्रवाह इतका जोरात असताना पट्टा हातात पडला असताच, असा दावा मी करत नाही. काठावरच्या शेकडो लोकांच्या हातात मात्र काहीच नव्हतं.

ड्रोनकडून काय होत नाही, हेही आम्हीच सांगायला हवं, कारण विकणारे सांगत नाहीत.

अंगाच्या उबेवरून माणूस दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचं फार कौतुक असतं. सह्याद्रीचा काळा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. संध्याकाळी पडद्यावर अख्खा कडाच माणसांनी भरल्यासारखा दिसतो. आमच्या अनुभवात पहाटे चार ते सहा हीच त्याची खरी वेळ. दाट झाडीखालचं त्याला दिसत नाही, दाट धुक्यातही नजर मंदावते, आणि मातीखालचं तर अजिबातच दिसत नाही. कड्याच्या कडेला वारा खालून वर येतो. नाणेघाटात धबधबा उलटा उडतो तो याच वाऱ्याने. पाणी वर फेकणारा वारा किलोभराच्या ड्रोनची काय गत करेल? अरुंद घळीत उपग्रहांचा माग सुटतो. ‘घरी परत ये’ हे बटण दाबलं तर ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर चढून सरळ रेषेत निघतो. मधला कडा त्या उंचीपेक्षा उंच असेल तर तो कड्यावर आपटतो. आणि आग्या मोहोळ! कड्याला ड्रोन लावण्याआधी आम्ही दुर्बिणीतून मोहोळं बघतो. पोळं चाळवलं तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. पुण्या-मुंबईत बसून ड्रोनची निविदा लिहिणाऱ्याला मधमाश्या सुचणार नाहीत, म्हणून लिहिलं.

इर्शाळवाडीबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, चौथ्या दिवशी शोध थांबवला गेला. गाडीरस्ता नव्हता, यंत्र चढवता येत नव्हतं, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरत नव्हतं. जवानांनी आणि स्वयंसेवकांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. चांगला ड्रोन असता तर ती माणसं वाचली असती, असं कोणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतो. पण पायथ्यापासून वाडीपर्यंत तासाभराहून जास्त चढाव, धो धो पाऊस, निसरडी वाट, आणि प्रत्येक फावडं, प्रत्येक पाण्याचा डबा, प्रत्येक दोर माणसाच्या डोक्यावर किंवा पाठीवर. मदतीला निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा त्या चढावावरच हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. ओझं वर न्यायला दहा किलो उचलणारे दोन ड्रोन असते, आणि पावसाच्या उघडिपीत त्यांनी वीस फेऱ्या केल्या असत्या, तर उपसणाऱ्या हातांमध्ये थोडा जास्त जोर राहिला असता. पुढच्याच वर्षी, ३० जुलै २०२४ च्या वायनाड दरडीनंतर, बचाव करणाऱ्यांना जेवणाची पाकिटं ड्रोनने पोचवली गेली. माळीणला २०१४ मध्ये, तळियेला २०२१ मध्ये, इर्शाळवाडीला २०२३ मध्ये, दर वेळी जुलै होता आणि दर वेळी रस्त्याचंच रडगाणं होतं.

दहा किलो उचलणारे ड्रोन आणायचे कुठून, असं आपण विचाराल. ते आधीच आहेत, आणि शासनानेच दिलेत. फवारणीचे ड्रोन. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातल्या १५,००० बचत गटांना ते द्यायचं केंद्राने ठरवलं. उसाच्या पट्ट्यात खासगी लोकांचेही आहेत. बहुतेकांना दहा लिटरची टाकी असते. ती काढली की जवळपास तेवढंच ओझं नेता येतं. भरल्या ओझ्याने ते दहाएक मिनिटंच उडतात, हे खरं. पण पुराचं पाणी गावाला वेढा घालून बसतं तेव्हा बऱ्याच ठिकाणी अंतर किलोमीटरभराचंच असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरची गावं दिवसेंदिवस पाण्यात होती. ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली, त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. आपली पाळी येईल की नाही, या भीतीने माणसं बोटीत कोंबून बसतात. ज्या गावात वरून इन्सुलिन, बाळाच्या दुधाची पावडर, जीवरक्षक जाकिटं आणि एक बोलता वॉकीटॉकी येतोय, तिथली माणसं पुढच्या बोटीची वाट बघायला तयार होतील, असं मला वाटतं. टाकीच्या जागी बसणारी जाळीची पेटी गावातला वेल्डरही करून देईल. उडवणाऱ्या ताईंकडे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र आहे, शेत आणि गाव त्यांच्या पायाखालचं आहे. पूर आला की त्यांना शोधायला मात्र कोणाकडे यादी नाही. तालुक्यात असे ड्रोन किती, उडवणारं कोण, बॅटऱ्या किती, हे एका पानावर तहसीलदारांच्या टेबलाच्या काचेखाली असायला काय हरकत आहे? आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ खाली बचावासाठी साधनसामग्री आणि वाहनं ताब्यात घेता येतात. कलम वापरायची वेळ येऊ देऊ नका. आधीच बोलून ठेवा, भाडं ठरवा, विम्याचं बघा.

इथे नियमांचा गुंता सुरू होतो आणि त्यासाठीच मुख्यतः आपल्याला लिहितोय. ड्रोन नियम, २०२१ मध्ये वजन मोजतात ते ओझ्यासकट. आमचा नऊशे ग्रॅमचा ड्रोन ४१० ग्रॅमची पिशवी घेऊनही दोन किलोंच्या आत, म्हणजे मायक्रो गटात राहतो आणि बिगरव्यावसायिक वापराला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्याच्या वरच्या गटात लागतं. हरित क्षेत्रात, म्हणजे सरकारी नकाशावर ड्रोनला मोकळ्या ठेवलेल्या भागात, चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. इथवर सरळ आहे. पण फवारणीच्या ड्रोनची टाकी काढून पेटी लावली, तर तो त्याच्या मूळ प्रमाणपत्रात बसतो का? रात्री, नजरेआड दरीत उतरवायचा असेल तर होकार कोणी द्यायचा? वरून पिशवी सोडली आणि ती कोणाच्या डोक्यात पडली तर जबाबदारी कोणाची? आम्ही हे वेगवेगळ्या टेबलांवर विचारलं. उत्तरं तोंडी मिळाली आणि प्रत्येक टेबलावर वेगळी मिळाली. “तुम्ही चांगलं काम करताय, करत राहा, फक्त लेखी मागू नका,” असंही एकाने सांगितलं. माणूस प्रामाणिक होता.

आम्हाला लेखीच हवंय. विमान वाहतुकीचे नियम आपल्या हातात नाहीत, ते केंद्राचे. पण पावसाळ्याआधी आपण वर विचारणा करू शकता आणि आलेलं उत्तर एका पानाच्या जिल्हा आदेशात उतरवू शकता: कोणत्या गटांनी, कोणत्या अवजारांसह, कोणाच्या एका फोनवर उडायचं. रात्री दोन वाजता कड्याखाली उभं राहून कोणी परिपत्रक शोधत बसत नाही. त्याच पानावर हेही असू दे की हेलिकॉप्टर निघालं की सगळे ड्रोन खाली, आमचेसुद्धा, आणि हा निरोप आमच्यापर्यंत कोण पोचवणार त्याचं नाव. आणि घटनास्थळी रीलवाल्यांचे जे चार-पाच ड्रोन घोंघावत असतात, ते उतरवायचा अधिकार पोलीस पाटलापासून कोणाला तरी द्या. मागे एका शोधात आमच्या पायलटचं निम्मं लक्ष दुसऱ्याच्या ड्रोनला चुकवण्यात गेलं.

पैशाचं म्हणाल तर आम्ही नवा ड्रोन मागत नाही. पुढच्या खरेदीत मात्र एक अट घाला: ड्रोनखाली बाहेरचं अवजार बसवायची सोय आणि त्यासाठी विजेची जोडणी हवी, भर पावसात नाही तरी भुरभुर पावसात उडायला हवा, आणि निविदा लिहिताना दोरावर उतरणारं एक माणूस त्या टेबलाशी बसलेलं हवं. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र आहे, खोपोलीचं यशवंती हायकर्स आहे, महाबळेश्वर ट्रेकर्स आहेत. २०१८ च्या जुलैमध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली आणि तीस माणसं गेली, तेव्हा त्या दरीत दोर लावून उतरणाऱ्यांत अशाच गिर्यारोहक संस्थांची पोरं होती. त्यांना विचारा. चहा प्यायलाही बोलावलंत तरी येतील. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पुण्याजवळ सुदुंबऱ्याला बटालियन आहे, त्यांच्याकडे शिस्त आणि साधनं आहेत. पण सुदुंबऱ्याहून पोलादपूरच्या एखाद्या वाडीत पोचेपर्यंतचे जे तास असतात, त्यात तिथे असतात ती गावातली आणि शेजारच्या गटांतली माणसं. ‘आपदा मित्र’ स्वयंसेवक म्हणून ज्यांना प्रशिक्षण दिलंत, त्यांच्या वर्गात एक दिवस पिशवी बांधायचा आणि तंगूस सोडायचा ठेवा. पोरं खेळासारखं शिकतील.

तो निळ्या टी-शर्टवाला पोरगा आता आमच्याबरोबर असतो. कड्यावर उतरत नाही, आईला शब्द दिलाय. पिशव्या भरायचं काम त्याच्याकडे आहे. दर महिन्याला तो वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या तपासतो आणि चिक्की बदलतो. जुनी चिक्की कुठे जाते, ते विचारू नका.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमचा वर्षाचा सराव असतो. सकाळी सहाला सुरू करतो, दहानंतर वारा वाढतो. या वर्षी एका ओढ्यावर तंगूस नेणं आणि अंधारात पिशवी सोडणं, असं दोन्ही ठेवलंय, म्हणजे आदल्या रात्रीच मुक्कामाला यावं लागेल. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी यावं, स्वतः नाही तर आपत्ती शाखेतल्या कोणाला पाठवावं. झुणका-भाकरीची सोय आहे. येताना कार्यालयातला ड्रोन घेऊन या. बॅटऱ्या फुगल्यात का ते निघायच्या आधी बघा. आणि पासवर्ड कोणाकडे आहे, तेवढं विचारून ठेवा.

आपला,
सह्याद्रीतल्या एका बचाव गटाचा स्वयंसेवक